ॲसिडिटीची गोळी

गोळी घेतल्यावर पाऊण तासाने मी दूध तापत ठेवलं आणि त्याच्यासमोर उभी राहिले. वय वर्षं एक्केचाळीस, हातात काही नाही, मोबाइल मुद्दाम बाहेरच्या खोलीत. हा माझा स्वतःवरचा पहिला प्रयोग होता.

दूधच का, तर आमच्या घरात माझी परीक्षा कायम दुधानेच घेतली. "जरा दुधाकडे बघ गं," म्हणून आई गॅलरीत कपडे वाळत घालायला जायची. ती परत येईपर्यंत दूध ओट्यावर, शेगडी विझलेली आणि मी समोरच्या चाळीच्या कठड्यावरचं मांजर बघत बसलेली. मी बघत नव्हते असं नाही. बघायचे, बघायचे आणि नेमकं ज्या मिनिटाला बघायचं त्या मिनिटाला भलतीकडे असायचे. आई कपाळाला हात लावायची. बाबा मात्र भडकायचे. "मुद्दाम करतेस तू," म्हणायचे. धांदरट, वेंधळी, अर्धवट ही सगळी विशेषणं मी हसत पचवली, पण 'मुद्दाम' कधी पचलं नाही. मी खरंच मुद्दाम करत होते का, ते माझं मलाच माहीत नव्हतं. गोळीकडून मला खरं म्हणजे तेवढंच उत्तर हवं होतं.

आई जाऊन सहा वर्षं झाली. गिरगावातल्या त्याच दोन खोल्यांत आता मी आणि बाबा. बाबा अठ्ठ्याहत्तर वर्षांचे, एका जहाज कंपनीतून हेडक्लार्क म्हणून निवृत्त झालेले, शिस्तीला कडक. नोकरीत असताना ते रोज दारात उभे राहून एकेक खिसा चाचपत मोठ्याने म्हणायचे, "चावी, पाकीट, चष्मा, रुमाल, डबा." मग जिना अर्धा उतरून परत वर यायचे आणि कुलूप ओढून बघायचे. आई याला बाबांची संध्या म्हणायची. मलाही ती शाळेपासून सक्तीची होती. संध्या करूनही मी डबा विसरायचे, ती गोष्ट वेगळी.

लोअर परळच्या ऑफिसात मी तिसऱ्यांदा एका क्लायंटची फाइल दुसऱ्याला पाठवली, तेव्हा एका मैत्रिणीने मला दादरच्या मानसोपचार डॉक्टरीणबाईंकडे धाडलं. बाईंनी खूप प्रश्न विचारले, शाळेची प्रगतिपुस्तकं मागवली. जवळजवळ प्रत्येकावर एकच शेरा होता : हुशार आहे, पण लक्ष नाही. "एडीएचडी आहे तुम्हाला, लहानपणापासूनच," त्या म्हणाल्या. रक्तदाब बघितला, कार्डिओग्राम काढून घेतला, घरात कुणाला हृदयाचा त्रास आहे का विचारलं, मग गोळी लिहून दिली. मला वाटलं होतं आता रडू येईल. पण मला भयंकर उत्सुकता वाटत होती. गोळी कोपऱ्यावरच्या केमिस्टकडे नव्हतीच. शेवटी परळला मिळाली, तीही चिठ्ठीवर शिक्का मारून आणि रजिस्टरमध्ये नाव लिहून घेऊन. एवढा बंदोबस्त मी सोनं घेतानाही बघितला नव्हता.

बाबांना सांगितलं, ॲसिडिटीची गोळी आहे. चाळीच्या भिंती पातळ असतात हे एक कारण. खरं कारण म्हणजे ते पुन्हा 'मुद्दाम' म्हणतील ही भीती.

तर दूध. मधे काहीच झालं नाही, हीच मोठी बातमी. कडेने बुडबुडे आले, साय सुरकुतली, दूध वर आलं, मी गॅस बंद केला. दूध तापताना बघणं इतकं कंटाळवाणं असतं हे मला तेव्हा कळलं, कारण शेवटपर्यंत मी तिथे कधी नव्हतेच. चाळीत दुपारी चार घरांत चार टीव्ही चार वेगळ्या मालिका ओरडत असतात. त्यातले तीन कुणीतरी बंद करावेत, तसं डोक्यात वाटत होतं. उरलेल्या एकावर काय चाललंय ते चक्क ऐकू येत होतं.

पुढचे दिवस मी सगळं वहीत टिपत गेले. तोंडाला कोरड, दुपारी भूक नाही. एकदा ऑफिसचं काम समोर असताना दोन तास बटणांचा डबा रंगांप्रमाणे लावत बसले. लक्ष आलं होतं, पण ते कुठे द्यायचं याची अक्कल गोळीत नव्हती. संध्याकाळी गोळीचा अंमल उतरला की मी फणफणायचे. एका सकाळी संध्या न करताच निघाले आणि ऑफिसात पोचून पर्स उपडी केली. पाचही वस्तू होत्या.

दुसऱ्या रविवारी मी वालाचं बिरडं केलं. बाबांनी दोनदा मागून घेतलं. मी गॅलरीतून कपडे काढून आत आले तर ते ओट्यापाशी उभे, एका हातात पाण्याचा पेला आणि दुसऱ्या तळहातावर माझी गोळी. बाबांचं बायपास झालेलं आहे. मी किंचाळले आणि त्यांच्या हातावर फटका मारला. गोळी उडाली, पेलाही गेला.

"अगं, जळजळतंय म्हणून घेत होतो," बाबा म्हणाले. "ॲसिडिटीचीच ना?"

"नाही. लक्ष लागण्याची आहे. माझी."

मग काही लपवण्यात अर्थ नव्हता. डॉक्टरीणबाई, प्रगतिपुस्तकं, एडीएचडी, सगळं सांगून टाकलं, भिंती पातळ असल्या तरी. आवाज चढला होता आणि आता मात्र रडू येत होतं. "मी मुद्दाम नव्हते करत, बाबा. एकदाही नाही."

"रोज पाच बदाम भिजवून घालत होतो तुला," ते पुटपुटले. मग वाकून टेबलाखालची गोळी शोधून काढली आणि माझ्या हातात दिली. मी त्यांना पेलाभर थंड दूध दिलं. जळजळीला आमच्याकडे तेच देतात. ते खुर्चीत बसले, पण दूध प्यायले नाहीत.

"घेतल्यावर कसं वाटतं गं?" त्यांनी विचारलं.

मी चार टीव्हींचं सांगितलं.

"तीन बंद होतात?"

"तीन."

त्यांनी पेला टेबलावर ठेवला. "तुझ्यावर ओरडायचो ना," ते म्हणाले, "तुझं बघितलं की मला माझंच दिसायचं. वाटायचं, हिला तरी ही खोड लागू नये. नाहीतर ती संध्या काय मी हौसेने करायचो?"

मी सांडलेलं पाणी पुसायला फडकं घेतलं.

"माझे चारही चालू असतात. अजून," बाबा म्हणाले. "मला वाटायचं, सगळ्यांचेच असतात."