रुमालाची जागा

मंगळवार. बरेच दिवस इथं काही लिहिलं नाही, माफ करा.

आज मंद्रूपच्या एसटीत एकानं एका आजींना सीटवरून उठवलं. "रुमाल टाकलाय की मी, दिसत न्हाय?"

एक कॉलेजची मुलगी म्हणाली, "काका, रुमालाचे पाय दुखत्यात व्हय?"

"लई शहाणी हायस!" तो म्हणाला. लोक तिलाच हसले. तिनं माझ्याकडं पाहिलं. मी खिडकीबाहेर बघितलं.

आजींना स्वतःची जागा देऊन ती शेवटपर्यंत उभी राहिली.

माझ्या शेजारच्या सीटवर माझी पिशवी होती. कुणी जवळ बसू नये म्हणून मी ती रोजच ठेवते. मुलांनी अन्यायाविरुद्ध बोलावं असं आपण सांगतो. ती बोलली की गप्प का बसतो?

उद्या: पिशवी मांडीवर घ्यायची.