तटस्थ कोंबडी आणि बारा अंड्यांचा मुद्देमाल

सर्व संबंधितांस या लेखाद्वारे जाहीर कळवण्यात येते की, छत्रपती संभाजीनगर शहरातल्या एका पोलीस ठाण्यात एक कोंबडी सलग एकवीस दिवस बंदोबस्तावर होती. या काळात तिने रजा मागितली नाही, साप्ताहिक सुटी घेतली नाही आणि वरिष्ठांविरुद्ध एक अक्षर काढलं नाही. माझ्या सगळ्या नोकरीत असा कर्मचारी मला दुसरा मिळाला नाही.

स्वेच्छानिवृत्ती घेऊन मला दोन वर्षं झाली. लोक भेटले की खून, दरोडे ऐकायला मागतात. मी सांगतोही. पण मनातून जे प्रकरण कधी पुसलं गेलं नाही, ते या कोंबडीचं.

हिवाळ्याचे दिवस होते. सकाळची हजेरी नुकतीच झाली होती. एक गृहस्थ वेताची टोपली छातीशी धरून आत आले. जालना रोडच्या एका गल्लीत त्यांचं सेंद्रिय मालाचं दुकान होतं. टोपलीत वाळलेल्या गवतावर बारा अंडी होती. त्यांनी ती माझ्या टेबलावर ठेवली आणि तक्रारी अर्ज पुढे सरकवला. फुलंब्रीजवळच्या एका गावातली बाई कडकनाथची म्हणून अंडी देते, ती प्रत्यक्षात साधी सेंद्रिय अंडी असतात, सबब फसवणुकीचा गुन्हा दाखल व्हावा, असा मजकूर.

टीप दिली होती त्यांच्या एका जुन्या ग्राहकाने. हे ग्राहक अंडं चष्म्याजवळ नेऊन बघणारे. त्यांना एकाच टोपलीत दोन तऱ्हेची अंडी दिसली. काही लहान, दुधट, किंचित गुलाबी झाक असलेली. काही थोडी मोठी, तपकिरीकडे झुकणारी.

मी अधिकारवाणीने विचारलं, की कडकनाथ कोंबडी काळी, तिचं मांस काळं, मग अंडं काळं का नाही? दुकानदारांनी माझ्याकडे ज्या नजरेने पाहिलं, त्या नजरेने तोवर फक्त न्यायाधीशांनी पाहिलं होतं. मग त्यांनी मला शिकवलं. कडकनाथ ही जात. पिसांपासून हाडांपर्यंत काळी, पण अंडं फिकटच. सेंद्रिय अंडं मात्र कुठल्याही कोंबडीचं असू शकतं. तिला रासायनिक काही न घातलेलं धान्य द्यायचं आणि मोकळं फिरू द्यायचं. एकात जातीचा भाव, दुसऱ्यात खाण्यापिण्याचा. जातीचा भाव तिप्पट. त्यांच्या दुकानात दोन्ही होती. सेंद्रिय अंडी पाचोडकडच्या एका फार्मवरून यायची, तीही नुकत्याच अंडी घालू लागलेल्या तलंगांची, म्हणून बेताच्या आकाराची.

गुन्हा दाखल करण्याआधी प्राथमिक चौकशी करायची, हा माझा शिरस्ता. ग्रामीणच्या ठाण्याला कळवून आमच्या हवालदारांना गावात पाठवलं. हवालदार जन्माने, शिक्षणाने आणि वृत्तीने शहरी. दुपारी परत आले ते छाती फुगवून. म्हणाले, केस उघड झाली. बाईच्या खुराड्यात डोकावून पाहिलं, तर अंड्यांवर चक्क लाल गावरान कोंबडी बसलेली. काळ्या कोंबड्या अंगणात नुसत्या देखाव्याला सोडल्यात. अंडी लालची, नाव काळीचं. हे सगळं त्यांनी बाईलाही तिथंच सुनावलं होतं, गावासमोर.

दुसऱ्या दिवशी बाई स्वतःच ठाण्यात आल्या. वय चाळिशीचं, डोक्यावर पदर, आवाज ठणठणीत. अकरा बायकांच्या बचत गटाच्या त्या अध्यक्ष. गटाने कडकनाथ आणायचं ठरवलं ते यांच्या शब्दावर. तक्रारीची बातमी पसरली तशी शहरातल्या आणखी दोन दुकानांनी त्यांचा माल बंद केला होता. फुलंब्रीच्या आठवडी बाजारात लोक त्यांना डुप्लिकेट अंडीवाली म्हणू लागले होते. गुन्हा दाखल झाला असता तर गट मोडलाच असता आणि बाईंना त्या बाजारात पुन्हा बसता आलं नसतं.

मी लाल कोंबडीबद्दल विचारलं. बाईंनी कोपऱ्यातल्या हवालदारांकडे पाहिलं.

"जमादार, काळी कोंबडी अंडं देती आन् निघून जाती. बसत नाय ती. पिल्लं काढायची तर गावरान खुडूक कोंबडीखालीच ठेवावं लागतंय. तुमच्या घरी कुणी कोंबडी पाळली नाय व्हय?"

हवालदार भिंतीवरच्या फरारी आरोपींच्या फोटोंचा बारकाईने अभ्यास करू लागले.

बाईंचं म्हणणं पटलं, पण पुरावा नव्हता. अंडं स्वतःचं नाव सांगत नाही. फोडून पाहिलं तर दोन्हींत पांढरं आणि पिवळंच. प्रयोगशाळेला लिहायचं म्हटलं तर उत्तर येईपर्यंत मुद्देमाल सडून आम्हालाच खोली सोडायला लावेल. मी कपाळ चोळत असताना बाईच म्हणाल्या, "बसवा की कोंबडीखाली. एकवीस दिसांत कळंल कुणाचं हाय ते."

पोलीस अधिकाऱ्याच्या आयुष्यात असे क्षण फार थोडे येतात. मी उभा राहून टेबलावर हात आपटला. अंडी हलली, म्हणून लगेच बसलो.

बाई आपली खुडूक कोंबडी आणायला तयार होत्या. दुकानदारांनी लेखी हरकत घेतली, की संशयिताची कोंबडी संशयिताला अनुकूल वागण्याची शक्यता आहे. हरकत मला रास्त वाटली. शेवटी पोलीस क्वार्टर्समधल्या एका शिपायाच्या घरून तटस्थ कोंबडी मागवली. नशीब म्हणजे अंडी दोनतीन दिवसांचीच होती, आणि गवतावर शोभून दिसतात म्हणून ती कधी फ्रिजमध्ये गेलीच नव्हती. गेली असती तर सगळा डाव तिथंच संपला असता.

दोन पंचांसमक्ष पंचनामा केला. बारा अंड्यांवर पेन्सिलीने एक ते बारा आकडे घातले. दुकानातल्या सेंद्रियच्या ट्रेमधली चार अंडी तुलनेसाठी घेऊन त्यांवर फुल्या मारल्या. मुद्देमाल खोलीच्या कोपऱ्यात डालगं ठेवलं, दाराला कुलूप, कुलपाला लाखेचं सील. दिवसातून एकदा पंचांसमोर दार उघडून कोंबडीला दाणापाणी. ठाणे अंमलदार रोज स्टेशन डायरीत नोंद घ्यायचे, की कोंबडी हजर, मुद्देमाल सुस्थितीत.

सातव्या दिवशी भर दुपारी दोन्ही बाजूंना बोलावलं. खिडकीवर घोंगडी टाकून अंधार केला. बाईंनी हवालदारांच्या बॅटरीवर एकेक अंडं धरलं. पहिल्यात मधोमध काळा ठिपका आणि त्यातून फुटलेल्या लाल बारीक रेघा दिसल्या. म्हणजे जीव धरला होता. अशी सात निघाली. उरलेली पाच आरपार स्वच्छ. फुलीची चारही तशीच.

बाई म्हणाल्या, "ही पाच माझी न्हाईत साहेब. माझ्याकडं कोंबडा हाय."

मी पाचोडकडच्या फार्मवर फोन लावला. मालक म्हणाले, कोंबडा ठेवतच नाही, फुकट खातो. म्हणजे त्यांच्या अंड्यांतून पिल्लू निघण्याचा प्रश्नच नव्हता. पण दुकानदार हटले नाहीत. त्यांचा सवाल सरळ होता. सात खरी देऊन पाच सेंद्रिय बाईनेच मिसळली नसतील कशावरून? तो सवाल मी डायरीत नोंदवून घेतला.

एकविसाव्या दिवशी ठाण्यात कामकाज जवळजवळ ठप्प होतं. एक पाकीटमार पकडून आणला होता, तोही दारातून मान उंचावत होता. सकाळी पहिलं कवच फुटलं आणि शाईत बुडवून काढल्यासारखं काळं पिल्लू बाहेर आलं. दुपारपर्यंत सात. तटस्थ कोंबडी लाल, पिल्लं काळीभोर. हवालदारांनी स्वतःहून बाईंना खुर्ची दिली.

पिल्लं पाहायला दुकानदारांसोबत त्यांच्या पत्नीही आल्या होत्या. तोवर माझी सगळी चौकशी एकाच प्रश्नाभोवती फिरत होती, की फसवलं कुणी. दुकानदारांच्या पत्नींना मी सहज वेगळंच विचारलं. दुकानात टोपली कोण भरतं?

त्या म्हणाल्या, "मीच. दुपारनंतर अर्धी होते, बरी दिसत नाही. मग शेजारच्या ट्रेमधली घालते चारपाच."

त्यांना कळेना, सगळे आपल्याकडे का पाहताहेत. ग्राहक येतो तेव्हा टोपली भरलेली दिसावी, एवढाच त्यांचा हिशेब. तीन आठवडे त्या घरात या प्रकरणाचीच चर्चा होती, पण टोपलीबद्दल त्यांना कुणी विचारलंच नव्हतं.

दुकानदार तक्रार मागे घ्यायला लगेच तयार झाले. गटाच्या अध्यक्षबाईंना मात्र कागद नको होता. त्यांची अट एकच, की येत्या आठवडी बाजारी फुलंब्रीला यायचं, जिथं त्या बसतात तिथं उभं राहायचं आणि चार लोकांत सांगायचं, की चूक दुकानाची होती. दुकानदारांनी मान डोलावली, आणि पुढे तसं केलंही. त्या बाजारी मीही गेलो होतो, साध्या कपड्यांत. बाईंची पाटी दुपारच्या आत रिकामी झाली.

या प्रकरणाने मला तपासाची एक गोष्ट शिकवली. त्यानंतर मी माणसाला आधी त्याचा गुन्हा विचारला नाही, त्याचा दिवस विचारला. सकाळी काय करता, दार कोण उघडतं, टोपली कोण भरतं. गुन्ह्याबद्दल माणूस तोलून मापून बोलतो. रोजच्या कामाबद्दल तो मोकळेपणाने सांगतो, कारण त्यात लपवण्यासारखं काही आहे असं त्याला वाटत नाही. पुढे कितीतरी तपासांत मी याच दाराने आत शिरलो.

पण पिल्लं निघाली त्या दुपारचा शेवटचा शब्द माझा नव्हता. दुकानदार जबाब देत होते, रायटर लिहून घेत होता. चूक झाली हे त्यांनी मान्य केलं, पण आपली पारख वादातीत आहे हेही नोंदवलं जावं असा त्यांचा आग्रह होता. ते सांगू लागले, की मी स्वतः रोज सकाळी कडकनाथचं एक उकडलेलं अंडं खातो, त्या चवीला दुसऱ्या अंड्याची सर नाही, घास तोंडात पडताच मला फरक कळतो. रायटरचं पेन कागदावर टेकलं होतं, तेवढ्यात त्यांच्या पत्नी बोलून गेल्या:

"अहो, ते नका लिहायला लावू. इतकं महागाचं अंडं घरात कोण उकडतं? तुम्हाला दसऱ्यापासून मी ट्रेमधलंच देतेय!"