केरूच्या डब्यात तिखट कमी

रोह्याला लागून असलेल्या वरसे गावात इंदुबाईचा डबा माहीत नाही असा माणूस शोधून सापडायचा नाही. धाटावच्या कंपन्यांत शिफ्ट करणारी, घरदार सोडून खोली करून राहणारी बाप्यामाणसं तिच्या डब्यावर जगत. चव म्हणाल तर ठीकच. बाईचा फोडणीपेक्षा चौकशीत हात जास्त चांगला होता. संध्याकाळी भाकऱ्या उरकल्या की ती उंबऱ्याशी फतकल मारून बसायची आणि एकेकाला फोन लावायची. "जेवलास काय रे? उद्या कुठली शिफ्ट? आवाज का असा बसलाय मेल्या?" डबा अर्धा परत आला तर त्या माणसाची खैर नसे. पोट बिघडलंय म्हणाला की दुसऱ्या दिवशी डब्यात पेज नि लोणचं, आणि ताप म्हणाला की ही बया रिक्षा करून थेट त्याच्या खोलीवर.

याला कारण होतं. तिचा नवरा जनू एका ठेकेदाराकडे कामाला होता. त्याचाही डबा अर्धा परत यायचा. "कँटीनला खाल्लं" म्हणायचा, आणि तिने ते खरं धरलं. कावीळ डोळ्यांत उतरलेली दिसली तेव्हा फार उशीर झाला होता. दुधाने तोंड पोळलं की माणूस ताकही फुंकून पितो. इंदुबाई तर दुसऱ्यांचंही ताक फुंकत बसायची.

धंदा वाढला तसे ते फोन तिला झेपेनात. हात पिठात, मोबाईल खांद्याला दाबलेला, कुणाची शिफ्ट बदललेली, कुणाचा निरोप विसरलेला, टोपभर भात गटारात. मुलगा नितेश म्हणाला, "आई, हे मशीनला करू दे." त्याने तसं ॲप घेतलं. रोज संध्याकाळी ते सगळ्यांना फोन करणार, उद्याची शिफ्ट विचारणार, चपाती की भाकरी विचारणार, तक्रार ऐकणार, आणि सगळं ओट्याजवळच्या स्क्रीनवर लिहून ठेवणार. खोटं कशाला बोला, काम चोख झालं. भात वाया जायचा थांबला, आणि इंदुबाईला बऱ्याच वर्षांनी पाठ टेकायला मिळाली.

वर ते बोलायचं इंदुबाईच्याच आवाजात. तिने नितेशला चार वाक्यं बोलून दिली होती, त्यावरून मशीनने तिची सगळी ढब उचलली, 'मेल्या'सकट. सुरुवातीला प्रत्येक फोनवर आधी एक वाक्य यायचं, की हा फोन मशीनकडून आहे. इंदुबाईलाच ते खटकलं.

"परक्यासारखा वाटतो रे. माणसं बोलतील, बाई शेफारली. काढ तो."

"सांगितलेलं बरं असतं आई."

"आवाज माझा, डबा माझा. त्यात खोटं काय हाय?"

आईपुढे नितेशचं कधी चाललं होतं? त्याने ते वाक्य काढून टाकलं.

पुलापलीकडच्या अष्टमी गावात केरू राहायचा. पेणच्या खाडीकडचा, इंदुबाईच्या माहेरच्या गावचा. दोघांचे बाप एकाच मिठागरात राबलेले. केरू एका कंपनीच्या गेटवर वॉचमन होता. बायको गेलेली, एकुलती मुलगी सुरभी पेणला दिलेली. इंदुबाईला तो 'बाय' म्हणायचा, आणि माहेरचा म्हणून तिचाही त्याच्यावर जीव. बोलायला लागला की तोंडाचा पट्टा थांबत नसे. मशीन आल्यापासून तेवढा वेळ वाचला म्हणून तिला जरा सुटल्यासारखंही वाटलं होतं.

एके दिवशी स्क्रीनवर आलं, 'केरू, अष्टमी : तिखट कमी.' इंदुबाईला हसू आलं. मिरचीशी भाकरी खाऊन वाढलेला माणूस! "म्हातारपणी नखरे सुचतायत बघ," असं म्हणत तिने त्याच्यापुरतं वेगळं कालवण काढलं. पुढे आलं, 'तिखट अजून कमी, भात कमी.' तिने तेही केलं. आपण एकदा फोन करावा असं तिच्या मनात आलं होतं. पण फोन तर रोज जातोच आहे, म्हणून राहिलं.

मग केरू गेला. गेटवरच्या खुर्चीत, ड्यूटीवर असताना. डॉक्टरांनी हृदयाचा झटका सांगितला. इंदुबाई रडली, पण झटका काय सांगून येतो थोडाच, अशी तिने मनाची समजूत घातली.

सुरभी बापाची खोली रिकामी करायला आली तेव्हा डबा द्यायला वरशाला आली. घासून लख्ख केलेला स्टीलचा डबा तिने ओट्यावर ठेवला.

"सुतक हाय, म्हणून रिकामाच आणलाय हां."

"असू दे गो. बस."

"बाबांना शेवटी तुमचाच आधार होता," सुरभी डोळे पुसत म्हणाली. "मी किती बोलले, पेणला या, डॉक्टरला दाखवू. तर बोलले, नको, इंदुबायला सांगितलाय मी. ती बघतेय. माझा जेवण पण बदललाय तिने."

इंदुबाईच्या हातातला पाण्याचा तांब्या तसाच राहिला. "मला? मला काय बोलला नाय तो."

"असं कसं? रोज तर बोलायचे तुमच्याशी. एकदा मी खोलीवर होते, माझ्यासमोर बोलले."

नितेश दारातच उभा होता. त्याचा चेहरा उतरला. त्याने मोबाईल काढला, ॲपमध्ये साठलेली केरूच्या फोनची रेकॉर्डिंगं शोधली आणि लावली.

"बाय, छातीत जळजळताय गो," केरूचा आवाज आला. "जिना चढलो का जास्त. डावा हात भरून येतो. काय करू सांग."

"बरं हां," इंदुबाईचा आवाज म्हणाला. "उद्यापासून तिखट कमी करते. चपाती का भाकरी?"

केरू म्हणाला, "भाकरी दे. तू बोलतेस तर बरा वाटेल."

पुढच्या फोनमध्ये तो घाम सुटतो म्हणाला, अन्न जात नाही म्हणाला. तोच मायाळू आवाज म्हणाला, "बरं हां, भात कमी देते. जेवलास काय रे मेल्या?" आणि केरू हसला होता.

सुरभीने इंदुबाईकडे पाहिलं. "तुमचाच आवाज हाय की."

"आवाज माझा हाय. मी नव्हते गो. मशीन होता तो. मीच बोलले, सांगू नको कुणाला म्हणून."

"मग बाबा कुणाशी बोलत होते?"

इंदुबाईला धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं असं झालं. सुरभी पाणी न पिताच उठली आणि गेली.

नितेश बराच वेळ मोबाईलशी झटत होता. "छाती, घाम, ताप, चक्कर, असलं कुणी काही बोललं की मशीन तिथंच थांबेल आणि तुला फोन जोडून देईल," तो म्हणाला. "हे आधीच करता येत होतं आई. मला सुचलंच नाही." वरातीमागून घोडं, दुसरं काय! पण घोडं कामाचं होतं.

"कर," इंदुबाई म्हणाली. "तो पहिला वाक्य परत घाल. आणि माझा आवाज काढ त्याच्यातून."

त्या संध्याकाळी ती पुन्हा उंबऱ्याशी बसली आणि स्वतः फोन लावू लागली. पहिला नंबर धाटावला ऑपरेटर असलेल्या रितेशचा.

"रितेश, मी इंदुबाई. कसा हायस रे?"

"सेकंड शिफ्ट, भाकरी, तक्रार नाय," रितेश घाईघाईत म्हणाला आणि फोन ठेवला.

तिने पुन्हा लावला. "अरे मेल्या, ऐक तरी. खरीच इंदुबाई बोलतेय मी."

"व्हय, माहीत हाय की," तो हसून म्हणाला. "काल पण तुमीच होतात ना?"

ती म्हणाली, "नाय रे बाबा. काल मी नव्हते. इतके दिवस मी नव्हतेच. आता सांग, कसा हायस?"