सिस्टरांनी आखलेला रकाना

रविवारी सकाळी हुडकेश्वरच्या आमच्या विहारात मी तपासणीचं टेबल मांडत होतो, तेवढ्यात वत्सला सिस्टरांच्या मुलाचा फोन आला. "काका, आई गेली... झोपेतच." फोन ठेवला आणि सवयीने त्यांची खुर्ची पुसली. त्याला आता सहा आठवडे झाले.

सरकारी दवाखान्यातून निवृत्त झाल्यावर सिस्टर दर रविवारी वंदनेनंतर विहारात रक्तदाब तपासायला बसत. यंत्र आणि गोळ्या महापालिकेच्या आरोग्य केंद्राच्या, खोली विहाराची, वही माझी. कोराडीच्या वीज केंद्रात मी तासातासाला आकडे लिहितो. चुकलेला आकडा मला सहन होत नाही. सिस्टर हसत, "भाऊ, तुमची वही पाहूनच माह्यं प्रेशर वाढते."

तपासणी सुरू झाल्यावर तिसऱ्या महिन्यात मी आरोग्य केंद्रावर यादी दिली. गोळ्या चालू असूनही एकोणीस बायांचा रक्तदाब चढलेला. यादी नीटनेटकी होती, मला तिचा अभिमानही वाटला. तिथल्या डॉक्टरांनी लगेच वाढीव डोसची पाकिटं पाठवली. रविवारी सिस्टरांनी पहिलंच पाकीट हातात धरलं आणि समोरच्या कौसाबाईंना सहज विचारलं, "आजी, आज गोळी घेतली काय वं?"

"नाही ना बाई. तपासाले उपाशीपोटी यावं लागते."

"कोणं सांगतलं?"

"मोठ्या दवाखान्यात. साखर तपासली तवा."

सिस्टरांनी रांगेतल्या एकेकीला विचारलं. साऱ्या जणी पहाटे उठून, पाण्याचा घोटही न घेता, रोजची गोळी तेवढी रविवारी घरी ठेवून आल्या होत्या. वाढीव डोस घरी नेऊन रोज घेतला असता, तर कितीजणी चक्कर येऊन पडल्या असत्या कोण जाणे. मी वही मिटली. सिस्टर म्हणाल्या, "आकडे बरोबर आहेत भाऊ तुमचे. बाया उपाशी आहेत."

डॉक्टर फोनवर चिडले. "यादी तुमच्याच विहारातून आली ना, सिस्टर?" त्या शांतपणे म्हणाल्या, "हो सर, चूक आमचीच. एक रविवार द्या." पाकिटं त्यांनी कपाटात ठेवली. पुढच्या रविवारी साऱ्या जणी घरून खाऊन, गोळी गिळून आल्या. एकोणिसांपैकी चौदा जणींचा रक्तदाब ठीक निघाला. उरलेल्या पाच जणींसाठी डॉक्टर स्वतः विहारात आले, चप्पल बाहेर काढून सतरंजीवर बसले. त्याच दिवशी सिस्टरांनी माझी पट्टी मागून वहीत एक रकाना आखला : आज गोळी घेतली का? रेघ थोडी तिरपी आली. मी ती पुन्हा आखली नाही. पुढे तोच रकाना शेजारच्या देवळातल्या आणि चर्चमधल्या तपासणीच्या कागदांवरही छापून आला. सिस्टरांनी तो पाहिला आणि एवढंच म्हणाल्या, "यांची रेघ सरळ आहे."

आता केंद्रातून एक तरुण सिस्टर येते. गेल्या रविवारी ती कौसाबाईंच्या दंडाला पट्टा गुंडाळत होती. तिने तोंड उघडायच्या आधीच आजी माझ्याकडे वळून म्हणाल्या, "घेतली गा, घेतली. पोहे खाल्ले, मंग घेतली. लिही."

तिरप्या रेघेपलीकडे मी लिहिलं : हो.