प्रश्नानंतरची शांतता

काल मी माझ्याच तासाचं चित्रीकरण पाहिलं. आपला तास आपण बघा, असं शिक्षकांच्या प्रशिक्षणात सांगितलं होतं, म्हणून मोबाइल खिडकीत टेकवून ठेवला होता. सातवीचा वर्ग, मराठीची कविता. मी प्रश्न विचारते आणि मुलं विचार करायला लागायच्या आत उत्तरही मीच देऊन टाकते. तिसऱ्या बाकावरची सुनंदा बोलायला ओठ उघडते, माझा आवाज ऐकून मिटून घेते. एकदा नाही, एका तासात पाच वेळा. आणि बावीस वर्षं मी स्टाफरूममध्ये सांगत आलेय, "ही मुलं तोंडच उघडत नाहीत हो."

आज त्याच वर्गात मी विचारलं, "कवितेतली आई रात्री दाराला कडी का घालत नाही?" आणि गप्प उभी राहिले.

पंखा कुरकुरत होता. उत्तर माझ्या जिभेवर येऊन बसलं होतं. मुख्याध्यापिका दारावरून गेल्या तर काय म्हणतील, असं वाटून गेलं. वर्ग शांत झाला की मला नेहमी माझंच काहीतरी चुकल्यासारखं वाटतं. म्हणून तर मी इतकी वर्षं न थांबता बोलत राहिले असेन.

सुनंदाचे ओठ हलले. मी हातातला खडू घट्ट धरला.

"बाई," ती म्हणाली, आणि माझ्याकडे बघत थांबली.

पुढचं मी बोलेन, म्हणून.