गोऱ्याचं गाणं आन् आमची चंद्री

नवऱ्याचं नाव घेत न्हाईत आमच्यात, पण सांगायचंच हाय तर एकदाच घेते. चिमाजी. आता पुन्हा घ्यायला लावू नका. ह्यापुढं 'हे' म्हटलं की समजून घ्या.

तर हे. राहणार तळवड्याचे आन् पायाला भिंगरी. देहूरोडच्या लष्करी डेपोत हमाली केली, ती सोडली. खाणीवर गेले, तिथं मुकादमाशी वाजलं. गवंड्याच्या हाताखाली गेले, तिथं आठवड्यातच कंटाळले. घरी असले तरी बसतात कुठं? जोत्यावरनं उठून गोठ्यात, गोठ्यातनं उठून बांधावर. त्यांच्याकडं बघून मलाच धाप लागायची. हा माणूस एका जागी बसायचा तो फक्त फोनोपुढं.

फोनो आला त्याची पण गंमतच. गोरे गेले त्या साली डेपोतला एक साहेब बिऱ्हाड मोडून विलायतेला निघाला. ह्यांनी त्याच्या पेट्या बांधून दिल्या, म्हणून त्यानं चावीचा पेटी-फोनो आन् चार तबकड्या ह्यांच्या हातात ठेवल्या. दुसरा कुणी असता तर फोनो विकून शेळी घेतली असती. ह्यांनी येड लावून घेतलं. सुया संपल्या तर बाभळीचा काटा तासून लावायचे, पण फोनो बंद पडू द्यायचे न्हाईत.

चारी तबकड्या इंग्रजी. तारेचं कसलंसं वाद्य, मधनंच सारंगीसारखं काहीतरी, आन् एक बाप्या गातोय. गाता गाता त्याचा आवाज मधेच फाटायचा आन् खालनं एकदम वर उडी मारायचा. उलेऽई, उलेऽई. मी लग्न होऊन मोशीवरनं आले तेव्हा पहिल्यांदा ऐकलं आन् मला वाटलं, माणसाला इंचू चावला.

ह्यांनी तबकड्यांना नावं ठेवली व्हती. एक गाडीची, एक रडव्याची, एक सारंगीची आन् एक गुराख्याची. गुराख्याची सगळ्यांत लाडकी. शब्द एक कळत न्हाई, आन् म्हणे गुराखी!

"कशावरनं हो गुराखी?" मी विचारलं.

"ऐक की. गुरं लांब गेल्यात आन् हा माळावर उभा राहून हाका मारतोय. ऐकू येत न्हाई तुला?"

मला डोंबल ऐकू येत व्हतं.

दुसऱ्या कुठल्या गाण्याला ह्यांनी बरं म्हणावं, तर शपथ. जत्रेत तमाशा आला की सगळा गाव पटक्यात अत्तर लावून निघायचा, हे घरी. म्हणायचे, "ढोलकी लई बोलती. गाणाऱ्याला बोलू देत न्हाई." भजनाला मामांजींनी ओढून नेलं तर परत येऊन म्हणायचे, "सगळे एकमेकांकडं बघून गातात." लग्नात कर्ण्यावर सिनेमाची गाणी लागली की कानात बोटं. "पाकात बुडवल्यात नुसती."

"आन् तुमच्या गोऱ्याला काय सोनं लागलंय?"

तर म्हणाले, "ह्या गाण्यात माणूस एकटा हाय, शालन. त्याला ठाऊक हाय कोण ऐकत न्हाई. तरी गातोय."

हे बोलताना त्यांचा चेहरा इतका मऊ झाला की मला त्या गोऱ्याचा हेवा वाटला. खरं सांगते, हेवाच. माझ्याकडं बघून हा चेहरा कधी असा झाला न्हाई.

मामांजी, म्हंजी माझे सासरे कोंडाजी, ते जोत्यावरनं ओरडायचे, "बंद कर ती कोल्हेकुई!" सासू माझ्या लग्नाआधीच वारलेली. घरात आमी तिघं, आन् गोठ्यात चंद्री.

चंद्री आमची म्हैस. तिचं रेडकू पाचव्या दिवशी मेलं. मग तिनं पान्हाच चोरला. पेंड घातली, पाठ चोळली, मामांजींनी मेलेल्या रेडकाच्या कातड्यात पेंढा भरून ते पुढं उभं केलं. तिनं एकदा हुंगलं आन् लाथेनं उडवून दिलं. शेवटी हे गोठ्यात गेले, तिच्या कुशीला डोकं टेकलं आन् गुराख्याचं गाणं म्हणायला लागले. तसंच, आवाज फाडून. चंद्री मुकाट उभी राहिली आन् चरवी भरली. त्या दिवसापासनं तिला तेच लागायचं. दुसरं काही म्हणून बघा, ढिम्म!

गावात हसू झालं. पण डोकं फिरलेल्या माणसाचा एक पाय तरी घरी बांधला गेला, म्हणून मी देवापुढं साखर ठेवली. कुठंही गेले तरी दोन्ही वेळेला धारेला हजर.

मग पिंपरीला औषधाचा कारखाना निघाला आन् हे त्यात चिकटले. चांगलं झालं, मीच जा म्हटलं व्हतं. पण शिफ्ट निघाली. आज सकाळची, उद्या दुपारची. सायकलनं दमायला व्हतं म्हणून गावातल्या सोनबाबरोबर पिंपरीला खोली घेतली. म्हणाले, "अधनंमधनं येत जाईन." आन् जाताना काय नेलं? फोनो नेला, चारी तबकड्या नेल्या. मी दारात उभी, माझ्याकडं बघितलं असेल नसेल.

चंद्रीनं त्याच सांजेला दूध ठेवून घेतलं.

मी हात जोडले, मामांजींनी शिव्या दिल्या. दूध डेपोच्या लायनीतल्या बिऱ्हाडांना जायचं, ते गिऱ्हाईक तुटलं. कधी हे आले की चरवी भरायची, गेले की पुन्हा तेच. मामांजी म्हणाले, "अशानं भाकड व्हईल ती. शनिवारी चाकणच्या बाजारात न्यायची." सोनबाबरोबर ह्यांना निरोप धाडला. उलटा निरोप आला, "बघतो."

बघतो! मामांजींना म्हशीची काळजी, मला दुसरीच. हे घरी यायचे ते चंद्रीच्या धारेसाठी. माझ्यासाठी येतात असं म्हणायची माझी छाती नव्हती. म्हैस गेली की तो एक दोर पण तुटला. मग कोण चिमाजी आन् कोण शालन! घ्या, नाव आलंच तोंडात. त्या आठवड्यात मी भाकरी थापताना उठायची, झाडताना थांबायची, विहिरीवर जाऊन घागर न भरताच माघारी यायची.

शुक्रवारी दिवस मावळायच्या आत मालोजी दलाल आला, बाजाराआधी म्हैस बघायला. जनावराभोवती फिरला, कास दाबली आन् म्हणाला, "म्हैस झकास हाय. पण धार देत न्हाई म्हणता. देत नसंल तर गिऱ्हाईक दुसरं बघावं लागंल."

ते दुसरं गिऱ्हाईक म्हंजी खाटीक, ते मला कळलं. मामांजींनाही कळलं असणार, कारण त्यांनी मान फिरवली.

मी चरवी उचलली आन् चंद्रीखाली बसले. पदर पार नाकापर्यंत ओढला. सुनेनं सासऱ्यापुढं मोठ्यानं बोलायची चोरी, आन् मी गाणार. तेही गोऱ्याचं!

हळूच सुरू केलं. चाल बरोबर व्हती, येवढी वर्षं कानावर आदळलेली. पण जिथं आवाज फाटायला पाहिजे तिथं माझा फाटेना. जात्यावर बसल्यागत गुळगुळीत निघाला. चंद्रीनं लाथ झाडली, चरवी लवंडली.

"वहिनी, हळद लावताय का म्हशीला?" मालोजी खदाखदा हसला.

असा राग आला म्हणता! मालोजीचा आला, मामांजींचा आला, त्या 'बघतो'चा तर सगळ्यांत जास्त आला. तिकडं पिंपरीत खोलीत फोनो वाजत असंल, आन् मी इथं शेणात बसून त्याची नक्कल करतेय. डोळे भरले, तरी मी तोंड उघडलं. आन् आवाज फाटला. मी काही केलं न्हाई, आपसूक फाटला आन् वर चढत गेला. चंद्रीच्या पाठीवरनं थरथर गेली, आन् सडांत पान्हा उतरला. चरवीत धार वाजायला लागली तसा मालोजी पुढं येऊन चरवीत डोकावला.

मामांजी म्हणाले, "मालोजी, तू ये आता. म्हैस न्हाई विकायची."

मी चरवी घेऊन उठले, तर कुडाला टेकून हे उभे. हातात सायकल.

"शेवटी उगंच ताणलंस," हे म्हणाले. "तो गोरा तिथं सूर सोडून देतो."

मी चरवी ह्या हातातनं त्या हातात घेतली.

"पण जमलं तुला. बरं झालं. आता माझी अडचण न्हाई. मी पिंपरीलाच राहिलो तरी चालंल."

चरवी खाली ठेवली तेवढं आठवतं. पदर कुठं गेला, सासरे कुठं उभे, काही भान न्हाई.

"तुमाला तो गोरा का आवडतो, सांगा की! एकटा हाय म्हणून ना? कोण ऐकत न्हाई तरी गातो म्हणून? मग ह्या घरात एक बाई एकटी हाय, तिचं ऐकलं कधी? तिला तर चावीसुद्धा भरावी लागत न्हाई!"

मामांजी खोकत बाहेर निघून गेले.

"मी आज गायले ते शेवटचं," मी म्हटलं. "म्हैस आटली तर आटू दे. तुमचं गाणं, तुमची म्हैस. तुमी या आन् तुमी गा. यायचं नसंल तर तसं सांगा, मी मोशीला जाते."

ह्यांनी सायकल कुडाला लावली. दुसऱ्या दिवशी सकाळची धार त्यांनी काढली आन् सायकल घेऊन गेले. येतो म्हणाले न्हाईत, जातो म्हणाले न्हाईत.

दिवस कसा गेला ते मला विचारू नका. सांज व्हायला आली तशी चंद्री रेकायला लागली. कास तटतटलेली, पायाखालचं शेण तुडवत व्हती.

"सूनबाई, धारेची वेळ झाली," मामांजी म्हणाले.

"मी न्हाई गाणार, मामांजी."

त्यांना न्हाई म्हणायची ती माझी पहिलीच वेळ. ते जोत्यावर जाऊन बसले. चंद्री माझ्याकडं बघायची आन् गाणं माझ्या गळ्याशी यायचं. ते मी गिळत राहिले. तेव्हा इंचभर ढळले असते तर जन्मभर मीच गात बसले असते.

मग लांब चढावर सायकलची घंटी वाजली. बघते तर कॅरियरला फोनोची पेटी बांधलेली. चंद्रीनं कान टवकारले. मी पण टवकारले, पण माझे पदराखाली व्हते, म्हणून कुणाला दिसले न्हाईत.