बाहेरून बसलेली

"वास कसला येतोय इथे?"

कॉलेजच्या ऑफिसात काचेच्या खिडकीआड बसलेले प्रवेशाचे सर हे म्हणाले, तेव्हा माझा नंबर आला होता. मागे आई उभी. रेवदंड्याच्या बाजारात मासळी विकून ती थेट आली होती. हात साबणानं घासून धुतलेले. साडी बदलायला वेळ मिळाला नव्हता. रांगेतली पोरं हसली. सरांनी नाकाला रुमाल लावला आणि माझे कागद दोन बोटांत धरले.

"कुठली शाळा?"

"पाचवीनंतर शाळा नाही सर. घरी शिकले. दहावी-बारावी सतरा नंबरचा फॉर्म भरून बाहेरून दिली."

"घरी? घरी कोण आहे शिकवायला?"

"आई."

त्यांनी आईला पायापासून वर बघितलं. मग सगळ्या रांगेला ऐकू जाईल असं म्हणाले, "घ्या. आता कोळणीसुद्धा प्राध्यापक झाल्या."

मला उजव्या कानानंच ऐकू येतं. तेवढ्यानंही हे पुरतं ऐकलं.

डावा कान शाळेत गेला. पाचवीत. त्या सकाळी आईबरोबर बोंबील वाळत घातले आणि तशीच शाळेत पळाले. उशीर झाला. वर्गात पाय टाकला तर गुरुजी म्हणाले, "आली सुकट." पोरं खिदळली. मी म्हणाले, "माझं नाव घ्या ना गुरुजी." एवढंच. त्यांनी वेणी धरून मला फळ्यापाशी ओढलं आणि कानाखाली मारली. मग परत मारली. तिथंच. तिसरी बसली तेव्हा आवाज आला नाही. नुसतं ऊन ऊन काहीतरी मानेवर उतरलं. ते रक्त होतं.

बाबा शाळेत गेले. हेडमास्तर म्हणाले, पोरगी पायरीवरून पडली. वर म्हणाले, सकाळीच घेऊन आलात काय? बाबांनी आयुष्यात दारूला हात लावलेला नाही. ते हात जोडून उभे राहिले. मी दारातून बघत होते. मला त्या माराइतकेच ते जोडलेले हात लागले.

घरी येऊन बाबा म्हणाले, "उद्यापासून न्हाय जायाचं शाळेत."

आई म्हणाली, "शाळेत न्हाय. शिकायचं सोडायचं असं कोन बोललं?"

आई बारावी झालेली. तिनं मला शिकवलं. मासळीला मीठ लावता लावता, जाळं विणता विणता, चुलीपुढं. तिला येत नव्हतं ते आम्ही दोघींनी मिळून मोबाइलवर बघितलं. इंग्रजी शब्द चुकला की दोघीही चुकायचो आणि हसायचो. कोळीवाड्यातल्या बाया म्हणायच्या, पोरीचं डोकं फिरवते ही. बारावीला मला फर्स्ट क्लास मिळाला तेव्हा त्याच बाया पेढे मागायला आल्या.

तेच कागद सरांनी खिडकीतून बाहेर टाकले. फरशीवर पसरले.

"बाहेरून बसलेल्यांना इथं जागा नाही. मासे विक. त्याला मार्कलिस्ट लागत नाही."

मी वाकले नाही. आई वाकली. एकेक कागद उचलून पदरानं पुसला आणि खिडकीपाशी गेली.

"सर, नियमात बसत नसंल तर तसं लिहून द्या."

तिच्या आवाजात चढ नव्हता. पण सरांना तेच झोंबलं. रडली असती तर चाललं असतं त्यांना.

"लिहून द्या? मला सांगते? ए, काढ रे हिला बाहेर!"

वॉचमननं आईचा हात मागे पिरगाळला. बांगड्या फुटल्या. तिला ढकलत दारापर्यंत नेलं आणि पायरीवरून सोडलं. ती हातावर पडली. मनगटाचा आवाज मला एका कानानं ऐकू आला. सुकं लाकूड मोडावं तसा.

रांगेतलं कोणी हललं नाही. एकजण मोबाइलवर शूटिंग करत होता.

बाजूच्या टेबलावर कागदांना भोकं पाडायचं लोखंडी यंत्र होतं. मी ते उचललं आणि खिडकीवर मारलं. काच फुटली. सरांचं कपाळ फुटलं. वॉचमन माझे केस धरून ओढायला लागला, मी त्याच्या हाताला चावले. तोंडात रक्त आलं तरी सोडलं नाही. मला वाईट वाटलं नाही. आजही वाटत नाही.

पोलीस चौकीत सरांची तक्रार लगेच लिहून घेतली. आमची घेईनात. आई मोडक्या हातानं बाकावर बसून राहिली. तक्रार घेतल्याबिगर दवाखान्यात जाणार नाही म्हणाली. हात सुजून काळानिळा झाला तेव्हा एका हवालदारीणबाईनं मुकाट्यानं लिहायला घेतलं.

चार दिवसांनी संस्थेचे एक साहेब गाडी घेऊन दारात आले. खुर्चीवर बसले, पाणी घेतलं नाही.

"तुम्ही तुमची तक्रार मागे घ्या, आम्ही आमची घेतो. मुलीला उद्याच प्रवेश. विषय संपला."

बाबा माझ्याकडे वळले. "घे बाय. वर्ष जाईल तुझं." बोलताना त्यांचे हात नकळत छातीपाशी आले. मी ते धरून खाली केले.

"साहेब, प्रवेश नियमानं माझाच हाय. माझंच मला देऊन आईचा हात विकत घेताय व्हय?"

"पोरी, तुझ्यावर गुन्हा आहे. नोकरी मिळणार नाही पुढं."

"नको मिळू दे."

साहेब आईकडे बघून म्हणाले, "तुम्ही तरी समजवा."

आईचा हात प्लास्टरमध्ये होता. ती म्हणाली, "मीच शिकवलंय तिला."

साहेब उठले. गाडी वळवताना आमच्या वाळत घातलेल्या मासळीवरून नेली. मुद्दाम.

मी विद्यापीठाकडे अर्ज केला. बाहेरून परीक्षा दिलेल्यांना प्रवेश नाकारता येत नाही, असं तिथून कळवलं गेलं. कॉलेजला मला घ्यावं लागलं. अर्धं सत्र होऊन गेलं होतं. बाकावर माझ्या शेजारी कोणी बसत नाही. ते सर व्हरांड्यात समोरून आले की भिंतीकडे बघत जातात. कपाळावर व्रण आहे.

दोन्ही केसेस चालू आहेत. मिटवून टाक, असं अजून सांगतात. कॉलेजातले मास्तर सांगतात, वकील सांगतात, नातेवाईक सांगतात. मी मिटवणार नाही. काच मी फोडली, माणसाला मारलं, चावले, हे कोर्टात स्वतःच्या तोंडानं सांगणार आहे. शिक्षा झाली तर भोगीन. पण त्या सरांना आणि वॉचमनलाही त्याच कोर्टात उभं राहून, आईच्या तोंडावर सांगावं लागेल, त्यांनी काय केलं ते. टाळतील तेवढ्या वेळा मी त्यांना परत उभं करीन.